वार खाली होती आणि मी गप्प बसले

मी अंगणवाडी सेविका आहे. राहुरी तालुक्यातल्या एका गावात बारा वर्षं झाली हे काम करतेय. गावातल्या कुठल्या बाईला कितवा महिना चालू आहे, हे तिच्या नवऱ्याआधी मला माहीत असतं. गोळ्या खा म्हणून मागं लागणारी मी, सोनोग्राफीला जा म्हणून दारात उभं राहून भांडणारी मी. आणि दर महिन्याच्या बैठकीत घसा फोडून सांगणारी पण मीच, की बायांनो, अंगावरून लाल दिसलं, अगदी थेंबभर दिसलं, तरी तडक दवाखाना गाठायचा. सासूला विचारत बसायचं नाही की गूळपाणी पीत बसायचं नाही.

माझ्यावर तीच वेळ आली तेव्हा मी काय केलं? कपडे बदलले, पाय धुतले आणि कुणाला सांगितलं नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नसतं त्यांच्यासाठी डॉक्टर आहेत. आमच्यासारख्या सेविका आहेत. पण ज्यांना सगळं माहीत असतं आणि तरी गप्प बसतात, अशा माझ्यासारख्या अतिशहाण्या बायांसाठी मी हे लिहितेय. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

रुपयाएवढा डाग

लग्नाला सात वर्षं झाली होती. आधीची दोन राहिली नाहीत. दुसऱ्या वेळी तिसऱ्या महिन्यात पिशवी साफ करावी लागली होती. त्यानंतर हे तिसरं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वार खाली आहे." म्हणजे काय, तर बाळाला जिच्यातून अन्न-पाणी, श्वास सगळं मिळतं ती वार पिशवीच्या वरच्या अंगाला चिकटलेली बरी असते. माझी पिशवीच्या तोंडापाशी चिकटली होती. घराच्या दारातच कुणी धान्याचं पोतं टाकून ठेवावं, तशी. मागं पिशवी साफ केलेली असली की कधीकधी असं होतं, असंही त्या म्हणाल्या. "पुढं पिशवी वाढते तशी बऱ्याचदा वर सरकते. महिन्याभरानं परत बघू. तोवर ओझं नाही, लांबचा प्रवास नाही, आणि लाल दिसलं तर लगेच यायचं."

एवढ्या बोलण्यातलं मी फक्त 'सरकते' एवढंच ऐकलं. महिन्याभरानं जायचं होतं, ते गावातलं लसीकरण आलं म्हणून पुढं ढकललं.

सातवा लागला तशी राजूरहून आईचे फोन सुरू झाले. माझं माहेर राजूर. वडील नाहीत. आई तिथल्या बाजारात बांगड्या विकते. आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया तिच्याकडूनच हात भरून घेतात. फोनवर एकच धोशा. "समद्या गावच्या लेकींना म्यां हिरवा चुडा भरला. कुनाचं डोहाळजेवन सोडलं न्हाई. माजीच एक राहिली हाय. रविवारी झोपाळा बांधते, तू फकस्त येऊन बस."

रविवार ठरला. आणि शुक्रवारी दुपारी, पोरांना खिचडी वाढून घरी आले, तर मोरीत रुपयाएवढा डाग दिसला. लालभडक. मात्र दुखत काहीच नव्हतं.

आता हेच मी लोकांना शिकवते की वार खाली असेल तर रक्त जातं पण दुखत नाही, म्हणूनच ते फसवं. पण आमच्या घरात दुखण्यावरच सगळं मोजायची सवय. दुखत नाही ना, मग काय झालंय? माझ्याही मनानं तेच धरलं. उष्णता झाली असेल, आज फार उभी राहिले असेन. बाहेरून सासूबाईंनी हाक मारली. त्यांना मी आत्या म्हणते. "काय गं, लई येळ लावलास?"

"काही नाही आत्या, पाय धुतेय."

संध्याकाळपर्यंत डाग थांबला. मी सब्जाचं पाणी प्यायले आणि राजूरला जायची कपड्यांची पिशवी भरली. सांगितलं असतं तर जाणं रद्द झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

झोपाळा

शनिवारी संतोषनं मित्राची गाडी आणली, आत्याही आमच्याबरोबर निघाल्या. संतोष म्हणजे माझा नवरा, दुधाचा टेम्पो चालवतो. त्याला जोरात चालवायची सवय, पण त्या दिवशी बैलगाडीसारखी गाडी चालवली. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी पोट धरत होते. तो विचारायचा, "दुखतंय का?" मी म्हणायची, "नाही." खोटं नव्हतं ते.

रविवारी आईनं गल्लीतल्या सगळ्या बाया गोळा केल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फुलांचा मुकुट. दोन्ही हातांत आईनं स्वतः चुडा भरला. माझी हाडं जाड, बांगडी चढता चढत नाही, पण आईच्या हाताखाली एक फुटेल तर शपथ. मी झोपाळ्यावर बसले, बाया गाणी म्हणायला लागल्या. आई इतकी खूश मी जन्मात पाहिली नव्हती.

ओटी भरायला पहिली बाई पुढं आली आणि मला पायाशी ओलं लागलं. गरम. आई जमिनीवर बसून माझा पदर सारखा करत होती. तिनं माझ्या टाचेकडं बघितलं. ओरडली नाही. अंगावरची शाल काढून माझ्या मांड्यांवर टाकली आणि हळूच म्हणाली, "हलू नको बाय. अजिबात हलू नको." मागच्या बायांना काही कळलं नव्हतं, त्या दुसरं कडवं म्हणत होत्या.

राजूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंचे उपकार मी विसरणार नाही. सोनोग्राफीचा जुना कागद बघितला, आतून तपासायचं नाही, रक्त वाढेल म्हणाल्या, दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये घालून नगरला पाठवलं. शेजारी आई बसली होती, माझ्या केसांतली फुलं एकेक करून काढत. समोर आत्या आणि संतोष.  मी पोटावर हात ठेवून फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होते, की आतून एक लाथ मार बाळा. एकच मार. संगमनेर गेल्यावर तिनं मारली, आणि मी ढसाढसा रडले.

दुसरं खोटं

नगरच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. सोनोग्राफी झाल्यावर खुर्ची ओढून माझ्या कॉटपाशी बसल्या. तेव्हाच मला कळलं की बातमी बरी नाही.

"वार सरकलेली नाही," त्या म्हणाल्या. "पिशवीचं तोंड पूर्ण झाकलंय. नॉर्मल बाळंतपण होणार नाही, सिझरच. आत्ता अठ्ठावीस आठवडे झालेत. रक्त थांबलंय, पण परत कधी येईल हे मी सांगू शकत नाही. आपल्याला दिवस काढायचेत. छत्तीसपर्यंत गेलो तर सोन्याहून पिवळं. आणि एक आजच सांगून ठेवते. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबलंच नाही, तर तुझा जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल."

संतोषनं कॉटचा दांडा धरला. मॅडमनी मला विचारलं, "रविवारच्या आधी कधी थोडं तरी लाल दिसलं होतं?"

आई, आत्या, संतोष, तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरशी खोटं बोलणाऱ्या बाईला मी अंगणवाडीत कान धरून उभी केली असती.

वॉर्डातले दिवस

सकाळी सहाला चादरी बदलणारी मावशी, सातला चहा, आठला बीपी. मग सिस्टर पोटावर यंत्र लावून ठोके ऐकवायच्या. धडधड धडधड, घोडा पळाल्यासारखे. त्या सिस्टर मूळच्या पाथर्डीकडच्या, तोंडानं फटकळ, पण मी "अजून एकदा" म्हटलं की "आता काय रेडिओ लावून देऊ का तुला?" म्हणत परत ऐकवायच्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं झाली. संडासला जायचं तरी सोबत कुणीतरी. बारा वर्षं गावभर फिरणाऱ्या बाईला सांगा, की छताकडं बघत पड. पहिल्या तीन दिवसांत त्या छतावरच्या सगळ्या भेगा मला पाठ झाल्या.

तिसऱ्या दिवशी आत्यांचा बांध फुटला. आई माझे पाय चेपत होती. आत्या तिला म्हणाल्या, "सात वर्सांनी राहिलं. आन तुमाला झोपाळा सुचला. एवढ्या लांब घाटातून लेक वडत न्हेली."

आईनं मान वर केली नाही. पाय चेपत राहिली. तिचा हात थरथरत होता, तो मला माझ्या पोटरीवर कळत होता.

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. "आत्या, आईला काही बोलू नका. शुक्रवारीच लाल दिसलं होतं. मी लपवलं."

आत्या माझ्या कॉटपाशी आल्या.

"मला का न्हाई सांगितलं?" आत्या म्हणाल्या.

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं! दाराला कडी लावून बसले असते!" आत्यांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. मग त्या एकदम खाली बसल्या, आईच्या शेजारी. "विहीणबाई, माजं चुकलं. उगं तुमाला बोलले."

"तुमचं न्हाई आन माजंबी न्हाई," आई म्हणाली. "ह्या शाणीचं हाय समदं. गावाला अक्कल वाटती, सोतासाठी शिल्लक ठिवली न्हाई."

त्यानंतर दोघींनी मिळून मला जे झोडपलं, ते विचारू नका. लहानपणापासूनचं सगळं निघालं. पण खरं सांगते, तीन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. दुपारच्या राउंडला मी मॅडमनाही सांगून टाकलं. त्यांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता यापुढं शिंक आली तरी मला कळवायची."

सावेडीतले पाच आठवडे

दहा दिवसांनी सोडलं, पण अटीवर. हॉस्पिटलपासून दहा मिनिटांच्या आत राहायचं. गावी नाही, राजूरला तर नाहीच. सावेडीत माझ्या नणंदेचं, वन्संचं, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथं आत्यांनी आणि मी मुक्काम टाकला. पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही याचं आईला फार लागलं. "लोक म्हनतील, आईनं लेकीला न्हेलं न्हाई." दोन दिवस ती हेच घोकत होती. तिसऱ्या दिवशी राजूरला गेली, दुकान शेजारणीच्या हवाली केलं, एक पोतं तांदूळ आणि कपड्यांचं बोचकं घेऊन परत आली, आणि वन्संच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला राहिली. परत तो विषय काढला नाही.

त्या आठवड्यांबद्दल कुणी विचारलं की मी "आराम केला" म्हणते. आराम कसला, डोंबलाचा. सकाळी डोळा उघडला की आधी हात अंथरुणावर फिरवायचा, कोरडं आहे ना. मग दिवस सुरू. शिंक आली की भीती, हसले की भीती. बाळ हललं की बरं वाटायचं, आणि फार हललं की वाटायचं, एवढं का हलतंय? मला मरणाची भीती वाटत होती, हे मी पहिल्यांदाच लिहितेय. बाळाची वाटायची ती सगळ्यांसमोर बोलता यायची. स्वतःची बोलायची लाज वाटायची, आई होणाऱ्या बाईनं स्वतःचा विचार करायचा नसतो म्हणून.

एका दुपारी मी संतोषला बोलले. तो दुधाची फेरी करून रोज यायचा आणि टेम्पो फाटकाकडं तोंड करून लावायचा, म्हणजे वेळ आलीच तर वळवायला नको. मी म्हणाले, "मला काही झालं तर?"

मला वाटलं तो म्हणेल, असं बोलू नये. पण तो बराच वेळ किल्लीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "मी रोज येताना हाच विचार करतो. वाटेत दोनदा गाडी थांबवतो." मग आम्ही दोघं रडलो, आणि त्यानंतर मला जरा हलकं वाटायला लागलं. त्यानं डेअरीवरची सात माणसं रक्तासाठी तयार ठेवली होती. त्यातला एक दांडगा पहिलवान गडी नुसती सुई बघून आडवा झाला, ते ऐकून मी एवढी हसले की आईनं संतोषलाच शिव्या घातल्या.

चुडा

चौतीस आठवडे पूर्ण झाले होते. सकाळचे दहा वाजले असतील, आई माझ्याजवळ बसून मेथी निवडत होती. काही न दुखता, काही न सांगता, नळ सोडल्यासारखं झालं. मी एवढंच म्हणाले, "आई, आलं." या वेळी मी एक क्षणही घालवला नाही.

आत्यांनी मला धरलं, वन्संच्या मालकांनी गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं, कारण वन्संनी फोन केला होता. मॅडम पळत आल्या. एक सिस्टर फॉर्म घेऊन संतोषला फोन लावत होती, दुसरी माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "बांगड्या काढा. निघत नसतील तर फोडा, वेळ नाही."

"फोडू नका!" आई पुढं झाली. "मी काढते."

बेसिनवरचा साबण हाताला चोळून, नुकत्याच लावलेल्या सलाइनच्या नळीला तो लागू न देता, माझा अंगठा आत दुमडून, तळहात चेपून, आईनं एकेक बांगडी सरकवली. खालून रक्त जात होतं. मला थंडी वाजत होती. आईचा हात मात्र थरथरत नव्हता. बाजारात दिवसभर गिऱ्हाइकाचे हात भरते तशी ती शांत, खाली मान घालून काम करत होती. दोन्ही हात मोकळे व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही. एकही फुटली नाही. मग आत नेताना ती म्हणाली, "जा बाय. परत भरीन."

त्यानंतरचं मला आठवत नाही.

आत्यांनी सांगितलेलं

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता आणि संतोष उशाशी उभा होता. "पोरगी झाली," तो म्हणाला. "रडली. मोठ्यानं रडली. दोन किलोला थोडी कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. सगळं नीट झालं." एवढं बोलून तो बाहेर गेला. ज्याचं सगळं नीट झालं तो माणूस असा भिंतीकडं तोंड करून बाहेर जात नाही, पण माझ्या अंगात विचारायचं बळ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून बाळाकडं नेलं. तिथल्या सिस्टरनं तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर टाकली. चिमणीएवढी होती. टोपीत सगळं डोकं मावलं होतं. तिचा श्वास माझ्या कातडीला लागत होता, आणि मी हलायला घाबरत होते. तासभर तशीच बसले. त्या तासाच्या बदल्यात मला आयुष्यात दुसरं काही नको.

परत कॉटवर आले तर आत्या फणी घेऊन बसलेल्या. किती दिवसांनी कुणी माझे केस विंचरत होतं. अर्धी वेणी झाल्यावर त्या म्हणाल्या, "संत्याला सांगनं व्हईना, म्हनून मी सांगती. रगत थांबंना. नऊ बाटल्या लागल्या. मॅडमनी लई येळ झटून पायलं. शेवटाला पिशवी काढली."

म्हणजे आता दुसरं मूल नाही. मला ते शब्द समजत होते आणि समजत नव्हते. मग मी रडले. मुलगी सुखरूप होती, मी जिवंत होते, तरी रडले. कुणी तुम्हाला सांगेल की रडू नकोस, एवढं चांगलं झालं. त्यांचं ऐकू नका. जे गेलं त्याच्यासाठी रडायचंच.

आत्यांनी रडू दिलं. फणी चालू ठेवली. थोड्या वेळानं मी विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं ना?"

"वाटतंय की. खोटं कशाला बोलू."

मग त्यांचा हात थांबला. "पन एक सांगती. त्या दाराबाहिर बसल्तो ना आमी, तवा तुजी आई देवाला म्हनत हुती, दोगांला सोडव. मला तसं म्हनवंना. मला वाटलं, लई मागितलं तर तो कायच द्यायचा न्हाई. एकच मागावं. म्यां तुला मागितली."

मी मागं वळायला गेले, तर त्यांनी माझं डोकं धरून परत सरळ केलं आणि वेणी घालायला लागल्या.

"त्या बारकीला हे कदी सांगू नको," त्या म्हणाल्या. "रुसंल ती."

मी सांगितलेलं नाही. ती आता दीड वर्षाची आहे, आणि याच आजीशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही.